भोर-वेल्ह्यातील बाळंतपणे : जागे राहण्याचा खर्च कोणाचा?

तालुक्याच्या रुग्णालयात महिनाभरात किती बाळंतपणे झाली, हा आकडा शासनदरबारी नियमाने मागविला जातो. ऐन कळांच्या वेळी त्याच रुग्णालयातून किती बायकांना पुढच्या गावी पाठवावे लागले, कोणत्या कारणाने पाठवावे लागले आणि त्या वेळी घड्याळात किती वाजले होते, हा तपशील मात्र लोकांसमोर क्वचितच येतो. पहिल्या आकड्यावरून रुग्णालयाने काय केले ते कळते. दुसऱ्यावरून त्याला काय करता आले नाही ते कळते. ग्रामीण प्रसूतिसेवेचा विचार करताना या दुसऱ्या आकड्याकडे जे दुर्लक्ष होते, त्यातून केवळ प्रशासनाची नव्हे तर अर्थशास्त्राचीही एक ढोबळ चूक संभवते.

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस सह्याद्रीच्या कुशीत वसलेले भोर आणि वेल्हे हे दोन तालुके या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहेत. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय घेतला. परंतु लोकांच्या तोंडी वेल्हे हेच नाव रुळलेले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार भोरची लोकसंख्या १ लाख ८६ हजार, तर वेल्ह्याची अवघी साडेचौपन्न हजार. भोर येथे उपजिल्हा रुग्णालय आहे, वेल्ह्यास ग्रामीण रुग्णालय आहे. नसरापूर, हिर्डोशी, भुतोंडे, पानशेत अशा गावी प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत आणि त्यांच्या खाली उपकेंद्रे आहेत. कागदावर पाहू गेल्यास साखळी पुरी आहे. प्रश्न एवढाच की रात्री दोन वाजता या साखळीतील कोणकोणत्या कड्या जाग्या असतात?

बाळंतीण आणि नवजात बालक यांची काळजी हा विषय या भूमीला नवा नाही. पुरंदरावर १६५७ मध्ये संभाजीराजांचा जन्म झाला. मातोश्री सईबाईंची प्रकृती क्षीण असल्याने भोर तालुक्यातील कापूरहोळ येथील धाराऊ गाडे यांनी बाळाला दूध पाजले, असे परंपरा सांगते. त्यानंतर दोन-सव्वादोन वर्षांत, १६५९ मध्ये, सईबाईंनी राजगडावर देह ठेवला. राजघराण्यातील बाळालाही जगविण्यासाठी शेजारच्या गावची एक निरोगी माता वेळेवर उपलब्ध असावी लागली, हा या कथेचा आजच्या दृष्टीने बोध आहे. साधन जवळ असणे आणि ते नेमक्या वेळी हाती येणे या दोन गोष्टींवर नवजाताचे आयुष्य तेव्हाही अवलंबून होते आणि आजही आहे.

दारापर्यंतचा प्रवास

देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा पहिला समग्र आराखडा १९४६ मध्ये सर जोसेफ भोर यांच्या समितीने सादर केला. समितीच्या अध्यक्षांच्या आडनावाचे भोर गावाच्या नावाशी असलेले साम्य निव्वळ योगायोगाचे. मात्र हे गृहस्थ जन्माने नाशिकचे आणि शिक्षणाने पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे होते. त्या काळी हजार जिवंत जन्मांमागे सुमारे वीस माता मृत्यू पावत आणि दीडशेहून अधिक बालके वर्षाच्या आत दगावत. कोणाही व्यक्तीला केवळ पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून पुरेशी वैद्यकीय मदत नाकारली जाऊ नये, हे तत्त्व त्या समितीने मांडले.

त्या परिस्थितीशी तुलना करता महाराष्ट्राने केलेली प्रगती नाकारणे अन्यायाचे होईल. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०१८-२० च्या पाहणीनुसार राज्यातील मातामृत्यूचे प्रमाण एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते; देशाचे प्रमाण त्या वेळी ९७ होते. २०२० मध्ये राज्यातील अर्भकमृत्यूचा दर हजारी १६ वर आला. २००५-०६ मध्ये राज्यात शंभरांतील सुमारे ६५ बाळंतपणे रुग्णालयात होत असत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हे प्रमाण ९४.७ टक्के आढळले. २००५ ची जननी सुरक्षा योजना, गावोगावच्या आशा कार्यकर्त्या, २०११ मध्ये आलेला जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम आणि २०१४ मध्ये सुरू झालेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका या साऱ्यांचा त्यात वाटा आहे. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार तर सरकारी रुग्णालयातील प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरापासून रुग्णालयापर्यंतची ने-आण हे सर्व विनामूल्य मिळणे हा मातेचा हक्क आहे.

म्हणजे गेल्या वीस वर्षांत शासनाने आईला रुग्णालयाच्या दारी येण्यास सांगितले आणि ती आली. सुईणीवरचा पिढ्यान् पिढ्यांचा विश्वास बाजूला ठेवून, सासूबाईंची समजूत घालून, ओळखीचे घर सोडून ती अनोळखी खाटेवर बाळंत होण्यास तयार झाली. करारातील आपली बाजू तिने पुरी केली. दाराच्या आतील बाजू पुरी करण्याची जबाबदारी शासनाची होती, आणि तेथेच घोडे अडलेले आहे. देशातील सामुदायिक आरोग्य केंद्रांत निकषानुसार जितके तज्ज्ञ डॉक्टर असावयास हवेत, त्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांची उणीव असल्याचे केंद्र शासनाच्याच २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीत नमूद आहे.

विरळ वस्तीचे गणित

ही उणीव का राहते, हे समजून घेण्यासाठी थोडे अंकगणित करणे उपयुक्त ठरेल. राज्याचा जन्मदर हजारी सुमारे १५ आहे. तो वेल्ह्याच्या लोकसंख्येला लावला तर तालुक्यात वर्षाकाठी आठशेच्या आसपास जन्म होतात असा अंदाज बांधता येतो. म्हणजे दिवसाला दोनांहून थोडे अधिक. साधारणतः शंभरांतील पंधरा बाळंतपणांत गंभीर गुंतागुंत संभवते, असे आंतरराष्ट्रीय नियोजनात गृहीत धरले जाते. त्या हिशेबाने वेल्ह्यात वर्षाला सुमारे १२० बायकांना, म्हणजे तीन दिवसांतून एकीला, तज्ज्ञांची तातडीची मदत लागेल. जन्मतः श्वास घेण्यासाठी काही ना काही साहाय्य लागणारी बालके शेकडा दहा असतात. ती वर्षाला ऐंशी भरतील.

आता पुरवठ्याची बाजू पाहू. स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ या तिघांखेरीज अडलेल्या बाईची शस्त्रक्रिया आणि बाळाची देखभाल सुरक्षितपणे होऊ शकत नाही. शिवाय रक्ताची साठवण हवी, शस्त्रक्रियागृह हवे, प्रयोगशाळा हवी, तीन पाळ्यांत परिचारिका हव्यात. माणूस चोवीस तास जागा राहू शकत नाही. त्यामुळे प्रत्येक विद्याशाखेचा एकच डॉक्टर नेमून चालत नाही, निदान दोन तरी नेमावे लागतात. हा सगळा फौजफाटा तीन दिवसांतून एकदा येणाऱ्या प्रसंगासाठी बसवून ठेवणे हिशेबनिसाच्या दृष्टीने उधळपट्टीच ठरते. दर बाळंतपणामागील खर्च काढला की तो अवाच्या सव्वा दिसतो आणि मग पद भरण्याची घाई कोणालाच राहत नाही.

येथेच मूळ प्रमाद आहे. प्रसूतिसेवेचा खरा माल म्हणजे बाळंतपण नव्हे. सज्जता हा तिचा माल आहे. अग्निशामक दलाचे मूल्य विझविलेल्या आगींच्या संख्येवरून कोणी ठरवीत नाही. वर्षभर आग लागली नाही म्हणून बंबाचा चालक कमी करावा, अशी सूचना कोणतीही नगरपालिका मान्य करणार नाही. आडगावच्या मुक्कामी एस.टी.लाही नेहमी तोटाच येतो. पण ती सकाळी सुटणार आहे या भरवशावर त्या गावची मुले कॉलेजात नाव घालतात. पहाटे चार वाजता सुरू झालेला रक्तस्राव कोणत्या दिवशी सुरू होईल हे आधी ठाऊक नसते, म्हणूनच वर्षातील सर्व दिवस कोणीतरी जागे असावे लागते. त्या जागण्याचाच खर्च होतो. जागे राहणाऱ्याला काम पडले नाही, तर तो खर्च वाया गेला असे मानणे म्हणजे विम्याचा हप्ता भरूनही अपघात झाला नाही म्हणून हळहळण्यासारखे आहे.

ओसाड खाटेचे चक्र

सज्जतेऐवजी संख्येला मोल दिले की एक चक्र सुरू होते. भूलतज्ज्ञाचे पद रिकामे राहते; म्हणून शस्त्रक्रिया होत नाहीत. शस्त्रक्रिया होत नाहीत म्हणून हजर असलेला डॉक्टर किंचित शंका येताच बाईला पुढे पाठवितो. आणि त्याला दोष तरी कसा द्यावा? काही विपरीत घडल्यास संतप्त नातेवाइकांना तोंड त्यालाच द्यावयाचे असते, आणि पुढे पाठविण्याचा त्याला काहीच खर्च पडत नाही. दोन-तीनदा असे घडले की गावात बोलवा होते : ‘तिथून शेवटी पुण्यालाच हलवतात, मग आधीच पुण्याला का जाऊ नये?’ बाळंतपणांची संख्या घटते. संख्या घटली की उरलेल्या परिचारिकांचा हात बसत नाही आणि पद भरण्याचे प्रयोजनही वरच्या कार्यालयाला वाटेनासे होते. खाट ओसाड पडते, आणि लोकांना ती नकोच होती असा निष्कर्ष फायलीत नोंदविला जातो.

या चक्रात एक गोष्ट मात्र कमी होत नाही, ती म्हणजे खर्च. तो फक्त सरकारी खतावणीतून बाहेर पडून घरच्या वहीत येतो. पुण्याला जावयाचे म्हणजे रात्री-अपरात्री खाजगी गाडी ठरवावी लागते. सोबत दोन माणसे जातात. त्यांचा रोज बुडतो. नातेवाइकांकडे किंवा रुग्णालयाच्या व्हरांड्यात मुक्काम पडतो. आणि सरकारी रुग्णालयात जागा नसेल तर खाजगी रुग्णालयाचे बिल येते. भातलावणीचे दिवस असले तर वर्षाच्या पिकावरही परिणाम होतो. उसनवार, सोसायटीचे कर्ज, दागिना गहाण ठेवणे हे मार्ग खेड्यातील कुटुंबांना नवे नाहीत. सारांश, रुग्णालय जागे ठेवण्याचा जो खर्च सर्वांनी मिळून थोडाथोडा सोसावयाचा, तो ज्या घरात अडलेली बाई असते त्या एकाच घरावर एका रात्रीत कोसळतो. सार्वजनिक वित्तव्यवस्थेचे पहिले सूत्र जोखीम वाटून घेण्याचे आहे; येथे नेमके त्याच्या उलट घडते.

खाजगी बाजारपेठ ही उणीव भरून काढील, अशी अपेक्षाही फोल आहे. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्येच दाखवून दिले की वैद्यकीय सेवेतील अनिश्चितता आणि रोगी व डॉक्टर यांच्या ज्ञानातील तफावत यांमुळे बाजाराचे नेहमीचे नियम या क्षेत्रात लागू पडत नाहीत. खाजगी प्रसूतिगृह गिऱ्हाईक असेल तेथे निघते. महामार्गालगत निघेल, तोरण्याच्या पायथ्याशी निघणार नाही. राज्यातील शंभर बाळंतपणांपैकी २५ शस्त्रक्रियेने होतात, असे २०१९-२१ च्या पाहणीत आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये सांगितलेली वाजवी मर्यादा १० ते १५ टक्क्यांची होती. शस्त्रक्रिया जेथे सहज मिळते तेथे ती गरजेपेक्षा अधिक होते आणि जेथे जीव वाचविण्यासाठी हवी तेथे करणारा नसतो, असे हे विषम वाटप आहे.

‘पुणे काही दूर नाही’

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. भोरपासून पुणे सुमारे पन्नास किलोमीटर. महामार्ग रुंद झाला, रुग्णवाहिका आली. मग तालुक्याच्या गावी तज्ज्ञ बसविण्यापेक्षा सर्वांना पुण्यास नेणेच स्वस्त आणि सुरक्षित नव्हे काय? हा आक्षेप विचारार्ह आहे. अत्यंत अपुऱ्या दिवसांच्या बाळाला किंवा मोठ्या आजाराने ग्रस्त मातेला मोठ्या रुग्णालयातच न्यावयास हवे आणि ते वेळेवर नेणे हीसुद्धा उत्तम वैद्यकसेवाच होय. परंतु हे उत्तर सर्वांना लागू पडत नाही.

एक तर अंतर भोर गावापासून मोजून भागत नाही. भाटघरच्या जलाशयाला वळसा घालून येणाऱ्या भुतोंड्याकडील वस्त्यांना, वरंध घाटाच्या बाजूच्या हिर्डोशी खोऱ्याला किंवा राजगड-तोरण्याच्या पलीकडच्या वाड्यांना आधी पक्क्या रस्त्यावर यावे लागते. पावसाळ्यात दरड कोसळली, ओढ्याला पूर आला, की नकाशातले किलोमीटर निरर्थक ठरतात. मातामृत्यूंचा अभ्यास करणाऱ्या थॅडियस आणि मेन या दोन संशोधिकांनी १९९४ मध्ये तीन विलंबांची मांडणी केली : निर्णय घेण्यातील विलंब, पोहोचण्यातील विलंब आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातील विलंब. आरोग्य केंद्रातून ग्रामीण रुग्णालय, तेथून उपजिल्हा रुग्णालय आणि तेथून पुणे असा प्रवास ज्या बाईला करावा लागतो, तिच्या वाट्याला तिसरा विलंब दर मुक्कामी नव्याने येतो.

दुसरी गोष्ट शरीरशास्त्राची आहे. वार पडल्यानंतर सुरू झालेला जोराचा रक्तस्राव दोन तासांच्या आत प्राण घेऊ शकतो. त्यात राज्यातील गरोदर स्त्रियांपैकी सुमारे ४६ टक्के रक्तक्षयी असल्याचे त्याच राष्ट्रीय पाहणीत दिसून आले. अशा बाईला थोडा रक्तस्रावही भारी पडतो. बाळाची मुदत तर मिनिटांची असते. जन्मल्यावर न रडलेल्या बाळाला पहिल्या मिनिटात पुसून, ऊब देऊन, गरज पडल्यास पिशवी व मास्क यांच्या साहाय्याने श्वास द्यावा लागतो. हे काम कोणतीही रुग्णवाहिका पुढे ढकलू शकत नाही. राज्यात वर्षाच्या आत दगावणाऱ्या दर १६ बालकांपैकी ११ पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच जातात, हा २०२० चा आकडा लक्षात घेतला म्हणजे जन्माच्या जागीच प्रशिक्षित हात असणे का अपरिहार्य आहे, ते ध्यानी येते.

इतरत्र काय घडले

या बाबतीत अनुभवाची वाण नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. गावातल्याच स्त्रियांना त्यांनी नवजाताची काळजी घेण्याचे शास्त्रशुद्ध शिक्षण दिले. तेथील नवजात-मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे हीच पद्धत देशभर आशा कार्यकर्त्यांच्या घरभेटींच्या रूपाने स्वीकारण्यात आली. रुग्णालयातून घरी आलेल्या बाळाला त्या बेचाळीस दिवसांत सहा वेळा भेट देतात. पुणे जिल्ह्यातच डॉ. बानू कोयाजी यांनी के.ई.एम. रुग्णालयाच्या वतीने १९७० च्या दशकात वढू येथे ग्रामीण आरोग्याचे केंद्र उभे केले आणि शहरातील मोठे रुग्णालय व खेड्यातील कार्यकर्ती यांची सांगड घालता येते, हे दाखवून दिले.

तमिळनाडूने प्राथमिक केंद्रात तीन-तीन परिचारिका नेमून ती चोवीस तास उघडी ठेवण्याचा मार्ग पत्करला आणि शस्त्रक्रियेची सोय निवडक रुग्णालयांत एकवटली. याउलट गुजरातने २००५ च्या अखेरीस खाजगी डॉक्टरांना दर बाळंतपणामागे ठरावीक रक्कम देण्याची ‘चिरंजीवी’ योजना आखली. प्रारंभी तिचा मोठा गौरव झाला. परंतु २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर अभ्यासात, या योजनेमुळे रुग्णालयातील बाळंतपणांच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक पडल्याचे आढळले नाही. या दोन राज्यांच्या परिस्थितीत अनेक भेद आहेत आणि घाईने निष्कर्ष काढणे बरे नव्हे. तरीही एकाने उघडे राहण्याचे पैसे दिले आणि दुसऱ्याने झालेल्या कामाचे दिले, हा फरक नजरेआड करता येत नाही.

दोन तालुके, एक केंद्र

भोर आणि वेल्हे यांचा एकत्रित विचार केल्यास गणित पालटते. दोन्ही तालुक्यांची मिळून लोकसंख्या सुमारे दोन लाख चाळीस हजार भरते. त्याच जन्मदराने वर्षाला साडेतीन हजारांवर जन्म आणि पाचशेहून अधिक गुंतागुंतीची बाळंतपणे होतील. म्हणजे तज्ज्ञांना दोन दिवसांत सरासरी तीन प्रसंगांना सामोरे जावे लागेल. एवढ्या कामावर तज्ज्ञांचे एक पथक हाताला वळण राहील इतके व्यग्रही राहते आणि दर प्रसंगामागील खर्चही एकट्या वेल्ह्याच्या मानाने सुमारे चौथ्या हिश्श्यावर येतो. प्रत्येक रुग्णालयात एकेक अपुरा तज्ज्ञ नेमण्यापेक्षा भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात रक्तसाठवण आणि नवजातांसाठी सुसज्ज कक्ष यांसह दोन-दोन तज्ज्ञांचे पुरे पथक ठेवावे, हे अधिक शहाणपणाचे.

वेल्ह्याच्या ग्रामीण रुग्णालयात आणि निवडक प्राथमिक केंद्रांत साधी बाळंतपणे चोवीस तास व्हावीत, रक्तस्राव थोपविण्याची औषधे व बाळाला श्वास देण्याची साधने वापरणारा सरावलेला हात प्रत्येक पाळीत असावा आणि अडलेल्या बाईला मधले मुक्काम टाळून थेट योग्य जागी पोहोचविण्याची व्यवस्था असावी. पानशेत खोऱ्याला भोरपेक्षा पुणेच सोयीचे पडते. तेव्हा त्या गावांची सांगड आधीपासून पुण्यातील एका ठरावीक रुग्णालयाशी घातलेली बरी. ज्या वस्त्या पावसाळ्यात तुटतात, त्यांच्यासाठी राज्याच्या आदिवासी भागांतील ‘माहेरघर’ योजनेचा कित्ता गिरविता येईल. या योजनेत दिवस भरत आलेली गरोदर स्त्री आरोग्य केंद्राच्या आवारातच येऊन राहते. कळा सुरू झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा चार दिवस आधी मुक्कामाला येणे केव्हाही हिताचे.

एक सामाजिक बाबही विसरून चालणार नाही. पोटासाठी मुंबई-पुण्याकडे जाण्याची या खोऱ्यांची परंपरा जुनी आहे, आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी येण्याची रीत त्याहून जुनी. सासरच्या गावी नोंद झालेली मुलगी आठव्या महिन्यात वेल्ह्याच्या एखाद्या वाडीत येते, तेव्हा तिथल्या आरोग्यसेविकेच्या वहीत तिचे नाव नसते. हिमोग्लोबिन किती, रक्तदाब किती, आधीचे काही दुखणे आहे काय, याचा पत्ता ऐन वेळी लागत नाही. माहेरी आल्याच्या आठवड्यात पुन्हा नोंद व तपासणी होईल, एवढी काळजी ग्रामपंचायत आणि आशा कार्यकर्ती यांनी घेतली तरी रात्रीची अर्धी धावपळ टळेल.

या सर्वांची सुरुवात मात्र एका साध्या फलकाने होऊ शकते. प्रत्येक सरकारी रुग्णालयासाठी रुग्ण कल्याण समितीची तरतूद आहे. बाळंतपणे किती झाली, याच्या शेजारी पुढे किती पाठविली, कोणत्या वेळी आणि कशाअभावी पाठविली, हे आकडे, नावे वगळून, दरमहा दाराशी लावण्याचा आग्रह त्या समितीने धरावा. तालुक्यातील शिक्षकांनी ते वाचावेत, कॉलेजातील विद्यार्थ्यांनी त्यांचे तक्ते करावेत, ग्रामसभेत ते मांडले जावेत. ‘भूलतज्ज्ञ नाही’ हेच कारण सहा महिने लागोपाठ फलकावर आले, तर ते पद रिकामे ठेवणे काटकसरीचे आहे असे म्हणण्याचे धाडस कोणत्याही कार्यालयाला होणार नाही. फलक लावल्याने डॉक्टर मिळत नाहीत, हे खरे. पण कोणाच्या अनुपस्थितीची किंमत कोण मोजीत आहे, हे त्यामुळे उघड होते.

शेवटी प्रश्न औदार्याचा नाही, देण्याघेण्याचा आहे. भाटघरचे धरण १९२० च्या दशकात पुरे झाले. त्याच्या आणि पुढे झालेल्या नीरा-देवघरच्या पाण्यावर नीरेकाठचे तालुके बागायती झाले. पानशेत आणि वरसगाव यांच्या पाण्यावर पुणे शहर वाढले. त्यांपैकी पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले, तेव्हा शहराला या खोऱ्यांची आठवण एका रात्रीत झाली. एरवी ती फारशी होत नाही. या धरणांखाली ज्यांची भातखाचरे आणि गावठाणे गेली, ती माणसे याच दोन तालुक्यांतली. त्यांच्या डोंगरातले पाणी बारा महिने शहराकडे न चुकता वाहत असते. त्याच वाटेने रात्री-अपरात्री कळा देत जाणाऱ्या त्यांच्या लेकीसुनांसाठी भोरचे एक रुग्णालय बारा महिने जागे ठेवणे, ही त्या पाण्याची अल्पशी परतफेड ठरेल. तो खर्च आज टळत नाहीच; फक्त ज्यांना तो सर्वांत कमी परवडतो त्यांच्याकडून वसूल होत आहे.